शिंदळ माकुडीची फांदी कुणी तोडायची?

पावसाळा सरत आला की दरवर्षी हा वाद पुन्हा उकरला जातो. कुठल्यातरी पठारावर किंवा गडाच्या पायथ्याला वनस्पतिशास्त्राची मुलं झाडं दाबून वाळवायचा लाकडी प्रेस आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन बसलेली दिसतात, कुणीतरी त्यांचा फोटो काढून टाकतं, आणि मग सगळे तुटून पडतात की दुर्मिळ फुलं उपटताय, लाज कशी वाटत नाही, हातात मोबाईल आहे ना मग फोटो काढा आणि घरी जा. संशोधक मंडळी यावर एकतर काही बोलत नाहीत नाहीतर "तुम्हाला यातलं कळत नाही" म्हणून विषय संपवतात, आणि हे दुसरं उत्तर तर पहिल्या आरोपापेक्षा वाईट आहे, कारण ज्यांना कळत नाही त्यांना सांगायचं काम मग कुणाचं? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रानफुलांचे नमुने गोळा करणं, वाळवून शीटवर लावणं, लेबल लिहून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवणं हे चालूच राहिलं पाहिजे, दुर्मिळ फुलांच्या बाबतीतसुद्धा, फक्त तिथे दसपट काळजीनं. बंद करायचंय ते बेशिस्त तोडणं. "फोटो पुरे" हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण ते मान्य केलं तर ज्या फुलांसाठी आपण चिडतोय त्यांचाच पुरावा आपल्या हाताने पुसला जाईल.

एक झाड समोर ठेवूनच बोलू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. शिंदळ माकुडी. मांसल खोडाची, सह्याद्रीच्या कड्यांवर कपारीत लोंबणारी, पावसात पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळून नुसती खोडं उरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला गडद किरमिजी चांदणीसारखं फूल येतं आणि त्यावर पिवळे ठिपके असतात. नैसर्गिक अवस्थेत जगात फक्त महाराष्ट्रात. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातला अधिकारी निकोल डालझेल यानं १८६० च्या दशकात जुन्नर भागातल्या नमुन्यावरून हिचं वर्णन केलं आणि तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं. पुढे शिवनेरीबरोबर पुरंदरजवळचा वज्रगड, महाबळेश्वरकडचे कडे अशा मोजक्याच जागा यादीत आल्या. आज निर्यातीला बंदी असलेल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत ती आहे. आता मला सांगा, ती दुर्मिळ आहे हे आपल्याला कळलं कसं? कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी एक फांदी तोडली, वाळवली, खाली जागा आणि नाव लिहिलं, मग दुसऱ्या कुणी दुसऱ्या कड्यावरून आणली, तिसऱ्यानं खूप शोधून चारच ठिकाणी मिळते असं लिहिलं. "दुर्मिळ" हा शब्द ज्या आधारावर आपण रागाने वापरतो तो आधारच या शीटांनी दिलेला आहे.

आणि नावाचं बघा. फ्रेरियाला पुढे काहींनी कॅरॅल्युमा या प्रजातीत घातलं, आता डीएनएच्या अभ्यासानंतर बरेच लोक तिला ब्युसेरोशिया म्हणतात. नावं बदलत राहतील, पन्नास वर्षांनी अजून एखादं येईल. पण नाव ज्याच्यावर टांगलंय तो नमुना तोच राहतो, कुणालाही जाऊन परत तपासता येतो की बाबा तुम्ही ज्याला हे म्हणताय ते खरंच हेच आहे का. नवीन जातीचं वर्णन करायचं तर हा नाव टांगलेला नमुना, म्हणजे टाइप स्पेसिमेन, कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय हे सांगावंच लागतं, तो आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि आपल्याकडे तर २००२ च्या जैवविविधता कायद्यातही लिहिलंय की नवीन जात सापडली तर तिचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करायचा. म्हणजे हा कुणाचा छंद नाहीये, ही नोंद ठेवण्याची रीत आहे.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी पूर्ण मान्य करतो, कारण त्यात बरंच खरं आहे.

तोडणाऱ्यांनी नुकसान केलेलं आहे, हे इतिहासात स्वच्छ दिसतं. व्हिक्टोरियन काळात ब्रिटनमध्ये नेच्यांचं वेड लागलं होतं, वुडसिया नावाचा छोटा नेचा स्कॉटलंडच्या मॉफट टेकड्यांवरून जवळजवळ साफ झाला, आणि त्यातले कितीतरी तुकडे आज हर्बेरियमच्या कपाटात आहेत, म्हणजे पुरावा तिथेच आहे. लेडीज स्लिपर ऑर्किडचं तर विसाव्या शतकात तिथे रानात एकच झाड उरलं, त्याची जागा वर्षानुवर्षं गुप्त ठेवून राखण करावी लागली. तेव्हा "शास्त्रासाठी तोडलं" म्हटलं की सगळं माफ, असं अजिबात नाही.

दुसरं, आपल्याच कॉलेजांमधलं. बीएस्सी-एमएस्सीला प्रत्येक मुलानं इतक्या-इतक्या शीट परीक्षेला आणायच्या, ही प्रथा अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मुलं सहलीला जातात, दिसेल ते उपटतात, एकमेकांची लेबलं उतरवतात, मार्क मिळाले की गठ्ठा रद्दीत. याचं समर्थन मी करणार नाही आणि कुणी करू नये. प्रेस कसा बांधायचा, कागद रोज कसे बदलायचे हे शिकायला टाकळा आहे, गाजर गवत आहे, घाणेरी आहे, रस्त्याच्या कडेला हवं तेवढं. त्यासाठी पठारावरची दिपकाडी किंवा कंदीलपुष्प कशाला लागतं? ज्या शीटवर जागा, तारीख, कुणी घेतलं हे नाही ती शीट शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ शून्य आहे, आणि त्या शून्यासाठी एक कंद कायमचा गेला. लोकांचा राग इथे शंभर टक्के बरोबर आहे.

तिसरं, फोटोचं मोल. वाळलेल्या फुलाचा रंग जातो, वास जातो, कुठला किडा येतो ते कळत नाही. शिंदळ माकुडीसारख्या मांसल झाडाचं तर विचारूच नका, प्रेसमध्ये घातलं तरी कित्येक दिवस मरत नाही, म्हणून आधी गरम पाण्यात बुडवायचं, फुलं वेगळी स्पिरिटच्या बाटलीत ठेवायची, एवढं करून शीटवर जे उरतं त्यात कड्यावरच्या त्या फुलाची ओळख सामान्य माणसाला पटणारच नाही. फोटोत ते सगळं येतं. शिवाय लोक रानातले फोटो टाकून ओळख विचारतात त्या आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर आज जेवढे डोळे रोज रान बघतायत तेवढे सगळ्या हर्बेरियमना मिळूनही कधी नव्हते. ही ताकद खरी आहे. २०१४ मध्ये 'सायन्स' मासिकात काही अभ्यासकांनीच म्हटलं होतं की फार थोड्या उरलेल्या प्राण्यांचे नमुने मारून घेण्यापेक्षा फोटो, आवाज, डीएनएसाठी पुसून घेतलेला थोडासा अंश यावर भागवा, आणि त्याला शंभरावर शास्त्रज्ञांनी लेखी उत्तर दिलं. म्हणजे हा प्रश्न अडाण्यांचा नाही, जाणत्यांमध्येही आहे.

मग तरीही मी "फोटो पुरे"ला नाही का म्हणतो?

कारण चित्रावर भागवायचा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेलाय आणि त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरनं, व्हान ऱ्हेडनं, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड करवून घेतले, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये छापले गेले. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य त्यात होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते, त्यांची देवनागरीतली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे, आपल्या लिपीचा छापील पुस्तकातला तो फार जुना ठसा. चित्रं अप्रतिम, जवळजवळ साडेसातशे वनस्पती. पण वाळवलेले नमुने मागे ठेवलेले नाहीत. आजच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं त्या चित्रांवरून नावं दिली आणि मग पुढची कित्येक पिढ्या हे चित्र नक्की कुठल्या झाडाचं, यावर वाद घालत बसल्या. शेवटी कालिकतच्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कितीतरी दशकं घालवून ते रान परत पिंजलं, चित्रातली जवळपास सगळी झाडं परत गोळा केली, नमुने केले, तेव्हा कुठे गोष्ट पक्की झाली. चित्र काढणारे कुशल, माहिती देणारे वैद्य पिढीजात जाणकार, छपाई उत्तम, आणि तरीही तीनशे वर्षांनी एका माणसाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आपल्या मोबाईलचे फोटो त्या चित्रांपेक्षा जास्त बोलतील असं कशावरून मानायचं?

बरं, चित्र सोडा, खऱ्या फोटोचंच उदाहरण आहे. १९२९ पासून शिकागोच्या फील्ड म्युझियमचा मॅकब्राइड नावाचा माणूस युरोपातल्या हर्बेरियममध्ये फिरून टाइप नमुन्यांचे फोटो काढत होता, हजारोंनी काढले. १९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथलं हर्बेरियम जळालं, जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक. आज त्या जळालेल्या कित्येक नमुन्यांचं जे काही शिल्लक आहे ते म्हणजे मॅकब्राइडचे फोटो. फोटोवाले म्हणतील, बघा, फोटोनेच वाचवलं. हो, वाचवलं, आणि म्हणूनच प्रत्येक शीटचा उत्तम फोटो झालाच पाहिजे, दिल्लीतलं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय २०१६ मध्ये जळाल्यावर तरी यावर वाद नको. पण त्या फोटोंवर काम करणाऱ्यांची अडचण ऐका: फूल उघडून आत बघता येत नाही, बी मोजता येत नाही, पानाची मागची बाजू दिसत नाही, फोटो काढणाऱ्याला १९२९ मध्ये जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच कायमचं उरलंय. त्यामुळे कित्येक नावांसाठी नव्याने नमुने नेमावे लागले.

सगळा मुद्दा इथेच आहे. फोटो काढणारा आज त्याला जे दाखवावंसं वाटतं ते दाखवतो. नमुना ठेवणारा असंही बरंच ठेवून जातो जे त्याला स्वतःला माहीत नसतं. १८४५ च्या सुमाराला आयर्लंडमध्ये बटाटा सडला, दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्या काळात कुणीतरी रोगट बटाट्याची पानं वाळवून ठेवली. २०१३ मध्ये त्या पानांतून रोगाचा डीएनए काढून वाचला गेला आणि तो नेमका कुठला वाण होता ते कळलं. पानं ठेवणाऱ्याला डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. १९८७ मध्ये वुडवर्ड या शास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या झाडांची दोनशे वर्षांची हर्बेरियममधली पानं सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि दाखवलं की पानांवरच्या रंध्रांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली आहे, हवेतला कार्बन डायॉक्साइड वाढत गेला त्याचा तो परिणाम. ज्यांनी ती पानं दाबली त्यांना हवामानबदलाची कल्पना नव्हती. कितीही मेगापिक्सेलच्या फोटोतून हे निघालं असतं का?

आणि आत्ताच्या ओळखीचंच बघितलं तरी फोटो अडतो. कासच्या पठारावर पांढरे गेंद पसरलेले असतात, लोक त्यात लोळून फोटो काढतात. गेंदाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या तर काही मिलिमीटरची फुलं सोडवून बघावी लागतात, बियांचा पृष्ठभाग भिंगाखाली बघावा लागतो. गवतांचं तेच, लव्हाळ्यांचं तेच. ठळक देखणी फुलं फोटोत ओळखू येतात आणि बारीक बिनरंगी झाडं "अमुक प्रजात" एवढ्यावर थांबतात, मग ज्यांना नाव नाही त्यांना वाचवायला कोण येणार? २०१० मधल्या एका जागतिक अभ्यासात दिसलं होतं की नव्या जातींपैकी जेमतेम १६ टक्क्यांचं वर्णन नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांत होतं आणि जवळजवळ पाव जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांपेक्षा जुने नमुने लागतात. म्हणजे आज कपाटात गेलेली शीट कदाचित आपली नातवंडं उघडतील आणि म्हणतील की अरे, हे तर वेगळंच झाड आहे.

जुन्या लेबलचा थेट उपयोग आपल्या कंदीलपुष्पांच्या बाबतीत झालेला आहे. सिरोपेजिया लॉआय ही कंदीलपुष्पाची जात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं मुंबई इलाख्यातल्या लॉ या अधिकाऱ्याच्या नमुन्यावरून नोंदली आणि त्यानंतर फार मोठा काळ ती म्हणजे कपाटातलं एक जुनं नाव एवढंच होतं, मग विसाव्या शतकात हरिश्चंद्रगडावर ती परत हाती लागली. जुना नमुना नसता तर समोर उभं असलेलं झाड हरवलेलं तेच हे ठरवलं कशाच्या जोरावर असतं? खंडाळ्याचंही तसंच. फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइटांनी वर्षानुवर्षं घाट तुडवून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद छापली, मुंबईच्या झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये त्यांच्या शीट आहेत. त्यानंतर तिथे एक्सप्रेसवे आला, बंगले आले, रिसॉर्ट आली. आज कुणी विचारलं की इथून काय गेलं, तर उत्तर द्यायला त्या शीट आहेत. ज्या घाटांची अशी नोंदच झाली नाही तिथे काय गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता तोडण्याच्या प्रमाणाबद्दल. याच सांतापावांनी फर्नांडिस यांच्याबरोबर १९५५ मध्ये बोरिवलीच्या जंगलातल्या एका झाडाचं वर्णन केलं, क्लोरोफायटम बोरिविलिएनम, म्हणजे औषधाच्या बाजारातली सफेद मुसळी. बोरिवलीचं नाव जगभर नेणारं झाड आहे ते. त्यासाठी शास्त्रानं किती झाडं घेतली असतील? मूठभर. पुढे बाजारानं रानातून मुळं खणून खणून पोत्यांनी नेली, इतकी की ती रानात दिसेनाशी होऊ लागली आणि लागवड करावी लागली. रस्ता रुंदीकरण, खाण, चिऱ्याची खाण, पठारावर फिरणाऱ्या गाड्या, दरवर्षी लावलेले वणवे, यांच्यासमोर हर्बेरियमची एक फांदी काय आहे? आणि शिंदळ माकुडी तर फांदीवरून सहज रुजते, फांदी घेतल्याने मूळ झाड मरत नाही. आपला राग सोप्या माणसावर निघतोय, जो पाठीला प्रेस लावून चालत आलाय त्याच्यावर, कारण तो दिसतो आणि ओरडलं तर ऐकून घेतो. जेसीबीच्या फोटोखाली एवढ्या कमेंट मी क्वचितच बघितल्यात.

पण प्रमाण कमी म्हणून नियम नको, असं नाही. जगभरच्या वनस्पतिअभ्यासकांमध्ये वीसात एकचा साधा अंदाज वापरतात, आसपास वीस झाडं दिसली तरच एक घ्यायचं. आपल्याकडे दुर्मिळ जातींसाठी यापेक्षा कडक हवं: कंद जमिनीतच राहू द्यायचा, ओळखीसाठी पुरेल तेवढीच फांदी-फूल, त्याच दिवशी झाडाचे जागेवरचे नीट फोटो, त्या जागेची शीट आधीच कुठे असेल तर नवीन घ्यायचीच नाही, आणि घेतलेली शीट सार्वजनिक हर्बेरियममध्ये गेलीच पाहिजे, कुणाच्या घरच्या कपाटात नाही. २०२२ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या शीट ऑनलाइन बघायची सोय झालीय, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले आपल्या इलाख्यातले जुने नमुनेही स्क्रीनवर दिसतात (ते तिकडे का आहेत हा वेगळा, मोठा आणि दुखरा विषय), तेव्हा आधी काय आहे ते बघून मग रानात जायला आज काहीच अडचण नाही.

राहिला पत्त्याचा प्रश्न, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. लेबलवर कडा, गाव, कुठली बाजू सगळं लिहिलेलं असतं, आणि मांसल झाडं हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. सगळ्या शीट ऑनलाइन टाकल्या तर चोरालाच नकाशा दिला असं होईल, ही भीती मला पटते. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, तसंच इथेही करता येतं, तालुका दिसू दे, कडा नको. पण काही अभ्यासक म्हणतात की जागा कुणालाच सांगायची नाही, तिथे माझा विरोध आहे. माकुडी गडांवर वाढते. गडांवर दर रविवारी उत्साही पोरं तटबंदी आणि कडे साफ करायला जातात, मनापासून कष्ट करतात, वाढलेलं झाडझाडोरं काढतात. त्यांना कुणी सांगितलंच नाही की या कपारीत लोंबणारी ही मांसल खोडं जगात दुसरीकडे नाहीत, तर ती काढली गेली यात चूक त्यांची की गुपित राखणाऱ्यांची? गावची जैवविविधता समिती, वनरक्षक, गडावर काम करणाऱ्या संस्था, गुरं चारणारी माणसं, यांना जागा नेमकी माहीत असली पाहिजे. कित्येकदा त्यांनाच आधी माहीत असते, आपण फक्त त्यांचं नाव लेबलवर लिहीत नाही, हेही बदलायला हवं.

आणि शीट ठेवायच्या तर ठेवणाऱ्या जागेला पैसा लागतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं सव्वाआठ लाख नमुन्यांचं आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं, श्रीमंत विद्यापीठ, तरी परवडत नाही म्हणे. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये तर एक सर निवृत्त झाले की कपाटाची किल्ली कुणाकडे हा प्रश्न असतो, चार पावसाळ्यांत बुरशी आणि कसर काम उरकते. झाड एकदा तोडलं आणि शीट कसरीनं खाल्ली, तर तो खरा अपराध आहे, आणि त्यावर कुणी भडकलं तर मी त्यांच्या बरोबर असेन.

ज्यांना खरंच या फुलांसाठी भांडायचंय त्यांच्यासाठी एक जागा सुचवतो. खाण किंवा मोठा प्रकल्प आला की पर्यावरण परिणामाचा अहवाल येतो, त्यात त्या जागेवरच्या वनस्पतींची यादी असते, आणि अशा याद्या दुसरीकडून उचलून चिकटवल्याच्या तक्रारी देशभर झालेल्या आहेत. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, दिपकाडी कोंकनेन्सेसारखी झाडं आहेत, पावसाच्या तोंडावर फुलून थोड्या दिवसांत जमिनीखाली जातात, उन्हाळ्यात सर्वेक्षण केलं की सडा ओसाड म्हणून लिहायला मोकळे. जनसुनावणीत एकच मागणी लावून धरा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे हर्बेरियमचा नमुना क्रमांक आणि गोळा केल्याची तारीख लिहा. पावसाळ्यातली तारीख नसेल तर सर्वेक्षण परत करा. आणि गावातल्या कुणी जूनमध्ये त्याच सड्यावरून घेतलेली एक शीट, तारीख-जागेसकट, एखाद्या सार्वजनिक हर्बेरियममध्ये आधीच जमा असेल, तर "इथे काहीच नाही" असं लिहिणाऱ्याला पहिल्यांदा त्या शीटचं उत्तर द्यावं लागेल.